रोज तळजाई चढता, म्हणून महाधमनी ठणठणीत?

पुण्यातली तळजाई टेकडी रोज चढणाऱ्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली तर पोट दुखतंच. दुखत नसेल, ईसीजी नॉर्मल असेल आणि रोज टेकडी चढत असाल, तर सोनोग्राफीवर पैसे घालवू नका. रात्री बेंबीत तेल घाला.’ खाली अर्थातच ‘सर्वांना पाठवा’.

‘दुखतंच’ या शब्दातच गोम आहे. पोटातली ही मुख्य रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, साधारण २ सेंटीमीटर रुंद असते. ती ३ किंवा त्याहून जास्त फुगली की तिला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. लहान फुगवटा बहुधा वर्षाला दोन-तीन मिलिमीटरने वाढतो आणि माणसाला काही कळत नाही. माझे काका प्रोस्टेटसाठी सोनोग्राफीला गेले, तेव्हा ४.२ सेंटीमीटरचा निघाला. पोट कधी दुखलं नव्हतं. आता ते वर्षातून एकदा मोजून घेतात. पुरुषांत ५.५ च्या आसपास, बायकांत थोडं आधीच, ऑपरेशनचा विचार होतो. पोट उघडून किंवा जांघेतून स्टेंट ग्राफ्ट (जाळीचा आधार असलेली कापडी नळी) सरकवून. ठरवून केलेलं ऑपरेशन आणि फुटल्यावरची धावपळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फुटल्यावर बहुतेक जण वाचत नाहीत, कित्येक तर हॉस्पिटलपर्यंतही पोचत नाहीत. पोटात किंवा पाठीत अचानक जीवघेणी कळ, घाम, चक्कर हे तेव्हाचं दुखणं. साठीनंतर पहिल्यांदाच असं झालं, तर मुतखडा समजून घरी पडून राहू नका.

ईसीजी हृदयातल्या विजेचा आलेख काढतो. त्यावरून महाधमनी ठीक ठरवायची म्हणजे लाइटबिल बघून नळाची पाइपलाइन शाबूत असल्याचं सांगायचं.

टेकडी चढणं चांगलंच, पण तीस वर्षं ओढलेल्या सिगारेटी त्याने पुसल्या जात नाहीत. या आजारात धूम्रपान हा सगळ्यात मोठा, टाळता येणारा धोका. सोडल्यावर तो कमी होतो, पण बरीच वर्षं मागे उरतो. शिवाय पासष्टीपुढचं वय, पुरुष असणं, आई-वडील किंवा भावंडांत हा आजार असणं आणि वाढलेलं बीपी. बायकांत प्रमाण कमी, पण झालाच तर कमी रुंदीलाही फुटू शकतो.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे: सरसकट सगळ्यांनी तपासणी करायची गरज नाही. पस्तिशीच्या, कधीही न ओढलेल्या मुलाला उगाच रांगेत उभं करू नये. ब्रिटनमध्ये पुरुषांना पासष्टाव्या वर्षी एकदा या तपासणीला बोलावतात. अमेरिकेत ६५ ते ७५ वयाच्या, कधीतरी धूम्रपान केलेल्या पुरुषांनी एकदा करावी, अशी शिफारस आहे. आपल्याकडे असं बोलावणं येत नाही, आपणच डॉक्टरांना विचारायचं. सोनोग्राफीत सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. उपाशीपोटी जायचं, काही मिनिटांत मोजमाप होतं.

राहिलं बेंबीतलं तेल. महाधमनी पार मागे, मणक्याला लागून असते. तेल कातडीपुढे जात नाही. काका तरीही घालतात. सिगारेट मात्र सोडली.