एम.फिल. बंद झालं म्हणून पीएचडी बंद झालेली नाही

"एम.फिल. बंद झालं, आता मानसशास्त्रात एम.ए. करून संशोधनाला वाव नाही, दोन वर्षं वाया घालवू नका." हा मेसेज नागपुरातल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. धरमपेठेत एका मुलीने तो मला दाखवला, तेव्हा तिच्या हातात भरलेला प्रवेशअर्ज होता. सही तेवढी राहिली होती.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही एम.ए. आणि पीएचडी यांच्यामधली संशोधन पदवी बंद केली, एवढं खरं. पण त्याच नियमांनुसार दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी मिळवलेला विद्यार्थी पीएचडीसाठी पात्र असतो, आणि राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्के सूट आहे. पुढे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. एम.फिल.ची अट कुठेच नाही.

उलट एम.ए.त करायच्या लघुप्रबंधाचं, म्हणजे छोट्या संशोधनाचं, महत्त्व आता वाढलं आहे, आणि ते काम सोपं नाही. प्रश्नावली मराठीत आणायची, ती दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करवून मूळ प्रश्नांशी ताडायची. 'अँक्झायटी'ला चिंता म्हणायचं की काळजी, यावर दुपार निघून जाते. संशोधक घडतो तो इथेच, असं मला मनापासून वाटतं.

मात्र नुसत्या एम.ए.वर कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. तो मार्ग वेगळा आहे.

मेसेज ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी कृपया त्याच ग्रुपवर हेही टाकावं.