काकूंचा बोळ आणि छोटी मशीन

औशाकडच्या आमच्या गावातल्या जुन्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, यंदाच्या पावसात बसलं. खरं तर ते 1993 लाच बसायचं, पण किल्लारीच्या भूकंपात नुसती एक भेग दाखवून थांबलं होतं आणि आता काही कारण नसताना भर दुपारी चौकात येऊन पडलं. काकू मागं गोठ्यात होत्या म्हणून वाचल्या. राहिली माती. चौकभर छातीइतका ढीग, पांढरी माती, दगड, मधून मधून तुळयांची टोकं. मग मला फोन, "तू लातूरला असतोस, मशीन बघ."

लातूरला राहणाऱ्याला मशीनमधलं कळतं असा गावाकडं समज आहे. मी बँकेत आहे.

आपल्याकडं मशीन म्हणजे दोनच, पिवळी असली की जेसीबी आणि वरचं धड गोल फिरलं की पोकलेन. पहिल्या भाडेवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "किती ब्रास?" मी रात्री पाढे म्हणत हिशोब केला, चौक पंचवीस बाय वीस, ढीग सरासरी चार फूट, म्हणजे 2000 घनफूट, 20 ब्रास. फार शहाणं वाटलं. सकाळी त्याला सांगितलं तर म्हणाला, "दोन तासाचं काम हाय मालक, जेसीबी पाठवतो." मी विचारलं, बोळ अरुंद आहे, जाईल का? "जातंय वो. आमचा पोरगा सुईतून जेसीबी काढतो."

सुईचं माहीत नाही, पण काकूंना विचारलं बोळ किती, तर त्या म्हणाल्या, "दोन म्हशी जोडीनं निघाल्या की पोटं घासतात." आता हे माप कुठल्या टेपवर बघायचं? शेवटी दाजींना टेप घेऊन पाठवलं. दाजी म्हणजे एरवी लग्नातला मांडव बघूनसुद्धा पाया किती खोल घ्यायचा ते सांगणारे, पण इथं कामाला आले. दारात सहा फूट एक इंच आणि मधे शेजाऱ्यांच्या ओट्याशी पाच फूट दहा. जेसीबी सात फुटाच्या वर असते. म्हणजे एक तर ओटा पाडा नाही तर शेजारी बदला.

दाजीच म्हणाले, "ती छोटी घे, बॉबकॅट." आणि तिथून माझी झोप गेली, कारण मी वाचायला लागलो. पुढं बकेट असलेल्या या मशीनला स्टेअरिंगची चाकं वळतच नाहीत, डावीकडची चाकं एका वेगानं, उजवीकडची दुसऱ्या, त्यामुळं घसटत घसटत जागच्या जागी गिरकी घेते. अमेरिकेत मिनेसोटात केलर नावाच्या दोन भावांनी 1957 साली ही बनवली, कशासाठी तर एका टर्कीवाल्याच्या खुराड्यातल्या खांबांमधून वळून घाण काढायला. त्यातल्या एका भावाचं नाव सिरिल आणि जेसीबीतला सी पण सिरिलच. (हे मी बायकोला रात्री साडेअकराला सांगितलं. तिनं लाईट बंद केली.)

आता छोट्या मशीनवाले तीन. पहिल्याची चाकांऐवजी पट्ट्यावर चालणारी होती, काळ्या रानात भारी, पण आमचा चौक शहाबादी फरशीचा. दुसरा म्हणाला, 800 किलो उचलतंय. मी ताज्या ज्ञानावर विचारलं, हे रेटेड का टिपिंग? कारण चाकाच्या मशीनचं रेटेड वजन म्हणजे ज्या वजनाला ती तोंडावर उलटते त्याच्या निम्मं, आणि याचे 800 उलटायचे असले तर ओल्या मातीची एक बकेट भरली की ड्रायव्हरसकट सलामी. पलीकडं जरा शांतता. मग, "सर, तुम्ही कंपनीतून बोलायलाव का?" आणि फोन कट.

तिसरा बरा निघाला. कागद पाठवला, बकेट साडेपाच फूट. कमीत कमी चार तास, डिझेल त्याचं, लातूरहून आणायचं-न्यायचं भाडं वेगळं, ड्रायव्हरचं जेवण आमचं. मीटर इंजिन चालू झालं की पळणार, मग मशीन काम करो की चहा पिवो.

ती आली तेव्हा ओट्यापाशी दोन्ही बाजूला दोन-दोन इंच उरले. अख्खा गाव श्वास धरून, ओटेवाले शेजारी हात पसरून. गेली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, तेवढ्यात इंजिन चालू ठेवून ड्रायव्हरनं व्हिडिओसाठी दोन गिरक्या जास्तीच्या दिल्या, त्या माझ्या पैशानं. मग बोळातून बाहेर ट्रॉलीपर्यंत खेपा, दीडशेच्या आसपास असतील, शंभरानंतर मी मोजायचं सोडलं. पांढरी माती लोकांनी रानात टाकायला वाटेतच बुक केली. दोन तासाचं काम साडेपाच तासात झालं. शहाबादीवर काळी गोल गोल वर्तुळं उठली, चार फरश्या तडकल्या.

मी वाट बघत होतो काकू आता फरशीवरून बोलतील. काकू सकाळपासून पायरीवर बसून मशीनकडं बघत होत्या, एक शब्द नाही. ड्रायव्हर ताटावर बसला तेव्हा त्याला दुसरी भाकरी वाढत म्हणाल्या, "का रं दादा, शेण भरतंय का हे?"

"भरतंय की काकू."

"मग आलीच हाय तर गोठ्यात एक चक्कर मार. तासाचे पैसे ह्यो देतोय."