अर्धा कुठे गेला?

१९९८ च्या मे महिन्यात बाबांनी घरी कॉम्प्युटर आणला. म्हणजे ते तसं सगळ्यांना सांगत सुटले होते. खोक्यात कीबोर्ड होता हे खरं, पण सोबत दोन रिमोट आणि बदकं मारायची बंदूक पण होती, त्यामुळे मला काय समजायचं ते समजलं आणि मी शहाण्यासारखा गप्प बसलो.

आतलं सामान म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या जपानी फॅमिकॉम या व्हिडिओ गेमची चायनीज नक्कल. निन्टेन्डोने स्वतःच १९८४ मध्ये त्याला कीबोर्ड आणि बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेची कॅसेट काढली होती, आमच्यात तेच सगळं एका प्लास्टिकात कोंबलेलं. एक कॅसेट अभ्यासाची, म्हणजे बेसिकची, आणि दुसरी ‘९९९९९९९ इन १’, ज्यात गेम मोजून सात-आठ, बाकी तेच परत परत.

आता त्रास असा की कॅसेट बदलायची तर आधी बटण बंद करायला लागायचं, आणि सेव्ह वगैरे भानगडच नाही. संध्याकाळी बाबांच्या लूनाचा आवाज आला की मी कॉन्ट्रा या गेमच्या शेवटच्या लेव्हलला का असेना, बटण बंद, कॅसेट उपट, बेसिकची घे, तिच्यात जोरात फुंकर मार (का ते विचारू नका, सगळेच मारायचे), खुपस, चालू कर, आणि बाबा चपला काढेपर्यंत स्क्रीनवर प्रोग्रामची पहिली ओळ, ‘१० प्रिंट’. रोज एक सैनिक असा त्या चपलांपायी गेला.

एका रविवारी बाबांनी शेजारच्या काकांना बोलावलं. बाबा बँकेत कॅशियर. "हं, सात भागिले दोन कर."

मी टाईप केलं, एंटर मारलं. ३.

"साडेतीन," बाबा म्हणाले.

"तीन," मी म्हणालो. आमच्या बेसिकला अपूर्णांक माहीतच नव्हते, फक्त पूर्ण आकडे, ते पण ३२७६७ पर्यंतच.

"मग अर्धा कुठे गेला?"

पन्नास पैसे जुळेनात म्हणून रात्री आठपर्यंत ब्रँचमध्ये बसणारा माणूस तो. परत करायला लावलं. नऊ भागिले दोन, चार. पाच भागिले दोन, दोन.

"अहो नवीन आहे, शिकेल हळूहळू," काका म्हणाले.

बाबांनी आधी बंदुकीकडे बघितलं, मग रिमोटकडे, मग बराच वेळ माझ्याकडे.

"ते बदकांचं लाव," ते म्हणाले, "त्यात तरी हिशेब जुळतो का बघू."