लगन नाही जी, टँगो हाये

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी मिलोंगा, म्हणजे टँगो या अर्जेंटिनाच्या जोडीनं नाचायच्या नाचाची रात्र भरवायची, तर मंगल कार्यालयाशिवाय जागा नाही. तिथले भाऊ आधी नवरानवरीचा महाराजा सोफा दाखवतात, मग झुंबर, मग डीजेचे डबे. फरशी कोणीच दाखवत नाही.

पाहायची असते ती फरशीच. चामडी तळाचा जोडा घालून एका पायावर वळून पाहावं. जोड्याआधी गुडघा वळला, तर फरशी चिकट. जोडा आपणहून पळाला, तर कालच्या पंगतीतली तर्री अजून तिथंच आहे. टाइल्स स्वच्छ असल्या तरी खालचं सिमेंट दबत नाही, आणि तीन तासांत पोटऱ्या भरून येतात. मग आठ बाय चारचे १९ मिलिमीटर प्लाय टाकावेत, खाली पातळ फोम, सांधे विटांच्या बांधकामासारखे चुकवून, वरून टेप. २४ बाय ३२ फुटांना २४ प्लाय लागतात, त्यातले तीन मधोमध कापून. एवढ्यात पंचवीस जोड्या आरामात नाचतात. पंचवीस जोड्या आणायच्या कुठून, तो लेख वेगळा. कोणीतरी उत्साही माणूस कॅरमची पावडर घेऊन येतोच. त्याला दारातच थांबवावं, कारण पावडर एका जागी साचते आणि तिथंच कोणीतरी पडतं.

जोड्या घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात, आपल्या प्रदक्षिणेच्या अगदी विरुद्ध. म्हणून हॉलच्या मधोमध खांब असला तर चालतो. कडेचा खांब मात्र वाट अडवतो.

तीन-चार गाण्यांचा तांदा संपला की कोर्तिना, म्हणजे मधल्या सुटीचा वेगळ्याच संगीताचा तुकडा, वाजते, फरशी रिकामी होते, आणि पुढच्या तांद्यासाठी जोडीदार नजरेनं ठरतो. दुरून डोळे भिडवायचे, मान हलवायची, हा काबेसेओ. त्यासाठी खुर्च्या कडेनं एकाच रांगेत हव्यात, आणि समोरच्या टोकाचे डोळे दिसतील इतका उजेड. लुकलुकत्या माळांत होकार-नकार सारखेच दिसतात, आणि आपल्या गावात भलत्याच बाईकडे पाहून मान हलवली तर प्रकरण पोलीस पाटलापर्यंत जातं.

नाचाची बरीचशी गाणी १९३५ ते १९४५ची, मोनो. त्यांना डीजेचा बास लावला की बँडोनियन, म्हणजे टँगोतलं भात्याचं पेटीसारखं वाद्य, बुडतो. टिनाखाली आवाज घुमतो. भिंतींना कनाती बांधल्या की बराच निवळतो. माझ्या मते झुंबरापेक्षा कनात मोलाची.

आता तारीख. मे महिन्यात पारा ४५वर, म्हणून कूलर; कूलरची ओल प्लायवर बसते आणि जोडे चिकटतात, तेव्हा समोरची खिडकी उघडी हवी. पावसाळ्यात टिन बँडोनियनवर मात करतं, प्लायही फुगतो. हिवाळा उत्तम, पण तुळशीचं लग्न लागलं की कार्यालय वऱ्हाडींचं. उरला पौष: लग्नं नाहीत, हवा कोरडी, भाऊ भाड्यात घासाघीस ऐकून घेतात. पावती फाडताना तेवढं विचारतात, "डीजे नाही, पंगत नाही, नवरदेव नाही. मंग कार्यालय कायले पायजे जी?"