‘स्पेक लिहा, बॅकएंड तयार’ म्हणजे नक्की काय तयार?

डेव्हलपरांच्या ग्रुपांवर एक पोस्ट अधूनमधून फिरत असते. शब्द बदलतात, आशय तोच: ओपनएपीआयची यॅमल फाइल लिहा (हेच ‘स्पेक’: एपीआयकडे काय मागायचं आणि उत्तर कसं येईल याचा लेखी करार), जनरेटरची एक कमांड चालवा, अख्खा बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवरचा कोड, हातात. स्पेक आणि कोड वेगळे पडणं बंद, व्हॅलिडेशन आणि सुरक्षा आपोआप, भाषा हवी ती निवडा, आणि बॅकएंडवाल्यांचा खर्च वाचवा. खाली टाळ्यांच्या इमोजींची रांग.

मी कोडजेन, म्हणजे स्पेकमधून कोड काढणारी टूल्स, वापरतो आणि दुसऱ्यांनाही वापरायला सांगतो. म्हणूनच ही पोस्ट खटकते. ती वाचून कुणीतरी वेळापत्रक निम्मं करतं, आणि काम अडलं की शिव्या मात्र टूलला बसतात. तेव्हा एकेक दावा घेऊ. उदाहरणाला एसटीसारख्या बसच्या आरक्षणाची एपीआय धरू: फेऱ्या शोधा, जागा आरक्षित करा, तिकीट पाहा, तिकीट रद्द करा. एवढे चारच कॉल.

दावा: एका कमांडमध्ये अख्खा बॅकएंड

या चार कॉलचं स्पेक ओपनएपीआय जनरेटर या टूलला द्या आणि जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कचा कोड मागा. प्रोजेक्ट मिळतो, तो बिल्ड होतो, चालूही होतो. आता तिकीट पाहण्याचा कॉल करा. समोर व्यवस्थित जेसन (रकान्यांच्या साच्यातलं उत्तर) येतो: प्रवाशाचं नाव, जागा क्रमांक, भाडं. डेमोला बसलेली मंडळी खूश. पण विनंतीचं काय झालं ते सांगणाऱ्या स्टेटस कोडकडे बघा, तो ५०१ असतो, म्हणजे ‘नॉट इम्प्लिमेंटेड’. जनरेट झालेल्या मेथडमध्ये नमुना उत्तर छापून ५०१ परत करण्यापलीकडे काहीच नसतं. ना डेटाबेस, ना तिकीट. पायथनच्या फ्लास्क फ्रेमवर्कचा जनरेटर त्याहून मजेशीर: प्रत्येक फंक्शनच्या शेवटी ‘डू सम मॅजिक!’ एवढी एक ओळ परत करतो, आणि तीही ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्या २०० स्टेटसने. म्हणजे नुसता स्टेटस तपासणारं मॉनिटरिंग लावलं असेल तर सगळं हिरवं दिसेल.

यात जनरेटरचा दोष नाही. स्पेकमध्ये विनंतीचा आणि उत्तराचा आकार असतो, मधली कृती नसते. जागा क्रमांक १२ दोघांनी एकाच क्षणी मागितली तर? स्पेकमध्ये ‘४०९ (म्हणजे टक्कर झाली) येऊ शकतो’ एवढं लिहिता येतं. तो कधी द्यायचा, त्यासाठी फेरी आणि जागा यांच्या जोडीवर डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदवू न देणारा नियम) लावायचा की त्या जागेची नोंद तेवढ्यापुरती कुलूपबंद करायची, पैसे कापले गेले पण जागा मिळाली नाही तर परतावा कुठून सुरू करायचा, नेटवर्क तुटल्यामुळे ॲपने तीच विनंती दुसऱ्यांदा पाठवली तर दोन तिकिटं निघू नयेत म्हणून काय करायचं, यातलं काहीही त्या फाइलमध्ये नाही. आणि आरक्षणाचा बॅकएंड म्हणजे मुख्यतः हेच.

दावा: स्पेक आणि कोड कधीच वेगळे पडत नाहीत

अर्धा खरा आहे, पण कोड कसा मांडलाय यावर अवलंबून.

बहुतेक ठिकाणी होतं ते असं. कोड एकदा जनरेट करून रेपोमध्ये, म्हणजे टीमच्या कोडसाठ्यात, टाकला जातो. मग त्याच फाइलींमध्ये हाताने लॉजिक भरलं जातं. महिन्याभराने स्पेक बदलतं, पुन्हा जनरेट केलं तर लॉजिक पुसलं जातं. मग कुणीतरी हुशारी करून त्या फाइली ओपनएपीआय जनरेटरच्या इग्नोर यादीत टाकतं. त्या दिवसापासून स्पेकमधला बदल त्या कोडपर्यंत पोहोचत नाही, पण डॉक्युमेंटेशनच्या पानावर मात्र छान दिसतो.

हे टाळता येतं. स्प्रिंगसाठी फक्त इंटरफेस (मेथडची नावं आणि आकार) काढण्याचा पर्याय आहे, डेलिगेट पद्धतीचाही (काम आपल्या वेगळ्या क्लासकडे सोपवण्याचा) आहे. जनरेट झालेला कोड बिल्ड फोल्डरमध्येच राहू द्यायचा, कमिट करायचा नाही, आणि आपला क्लास तो इंटरफेस इम्प्लिमेंट करेल अशी रचना ठेवायची. मग स्पेकमध्ये पॅरामीटर वाढला की कंपायलरच ओरडतो. कोडजेनचा हा फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्या पोस्टमध्ये याचा उल्लेखही नसतो.

तरीही फटी राहतात. स्प्रिंगच्या इंटरफेसमधून स्पेकमध्ये नसलेला स्टेटस कोड खुशाल परत करता येतो, कंपायलर अडवत नाही. गो भाषेतल्या ओएपीआय-कोडजेनचा स्ट्रिक्ट मोड इथे बरा: प्रत्येक जाहीर उत्तरासाठी तो वेगळा टाइप काढतो. चुकांच्या उत्तरांचं तर विचारूच नका. तुमच्या स्पेकमध्ये लिहिलंय की चूक झाल्यास ‘कोड’ आणि ‘मेसेज’ असे दोन रकाने येतील. प्रत्यक्षात व्हॅलिडेशन फसलं की स्प्रिंग त्याच्या मूळ साच्यातलं उत्तर पाठवतो: टाइमस्टॅम्प, स्टेटस, एरर, पाथ. चुका पकडून हवं ते उत्तर देणारा एक्सेप्शन हँडलर तुम्ही लिहिला नाहीत तर मोबाइल ॲप नसलेल्या रकान्यांची वाट पाहत बसतं.

दावा: व्हॅलिडेशन आणि सुरक्षा आपोआप

व्हॅलिडेशनचा ठरावीक भाग खरंच मिळतो. जागा क्रमांक १ ते ४४ मध्येच हवा, मोबाइल नंबर दिलेल्या पॅटर्नमध्ये बसायला हवा, नाव रिकामं नको: असे नियम स्पेकमधून थेट जावाच्या ॲनोटेशनमध्ये (कोडमधल्या रकान्यांना लावलेल्या खुणांमध्ये) उतरतात. हाताने लिहिण्यापेक्षा हे शंभर पट बरं. पण ‘परतीची तारीख जाण्याच्या तारखेनंतरची हवी’ एवढा साधा नियमही जेसन स्कीमाच्या (स्पेकमध्ये रकाने ज्या भाषेत वर्णन करतात तिच्या) ठरलेल्या नियमांत लिहिता येत नाही, कारण दोन रकान्यांतल्या मूल्यांची तुलना करायची सोय त्यात नाही. त्या फेरीला ती जागा उरलीय का, हे तर लांबच.

सुरक्षेबद्दल मात्र हा दावा धोक्याचा आहे. स्पेकमध्ये ‘या कॉलला बेअरर टोकन (लॉगिननंतर मिळणारा परवाना) लागेल’ असं लिहिता येतं. टोकन कुणाचं आणि तिकीट कुणाचं, याचा संबंध लिहिण्याची जागा त्यात नाही. लॉगिन केलेल्या प्रवाशाने पत्त्यातला तिकिटाचा आयडी एकाने वाढवला आणि दुसऱ्याचं तिकीट रद्द केलं, तर स्पेकच्या दृष्टीने सगळं नियमात बसतं: टोकन वैध, आयडी पूर्णांक, उत्तर २००. सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या एपीआय धोक्यांच्या यादीत २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर नेमका हाच दोष आहे.

दुसरी एक गोम सहसा लक्षात येत नाही. ‘भाडं’ हा रकाना स्पेकमध्ये रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरता) लिहिला म्हणून विनंतीत कुणी पाठवणार नाही असं नाही. ती सूचना आहे, कुंपण नाही. जनरेट झालेल्या मॉडेलमध्ये (त्या रकान्यांच्या क्लासमध्ये) त्या रकान्याचा सेटर, म्हणजे मूल्य भरायची मेथड, असेल आणि ते मॉडेल जसंच्या तसं डेटाबेसमध्ये ढकललं गेलं, तर एक रुपयाचं तिकीट निघालंच म्हणून समजा.

आणि स्पेकची फाइल बाहेरून आलेली असेल तर ती निरुपद्रवी मजकूर नसते. २०१६ मध्ये रॅपिड७ या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं होतं की मुद्दाम रचलेल्या स्वॅगर (ओपनएपीआयचं आधीचं नाव) फाइलमधून स्वॅगर कोडजेनने काढलेल्या कोडमध्ये हल्लेखोराचा कोड घुसवता येतो. पार्टनरने ईमेलवर पाठवलेली यॅमल थेट बिल्ड सर्व्हरवर चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दावा: तेच स्पेक, हवी ती भाषा

प्रत्येक भाषेचा जनरेटर वेगळ्या लोकांनी, वेगळ्या काळात, वेगळ्या निगुतीने लिहिलाय. ‘वन-ऑफ’ (अनेक आकारांपैकी एक) आणि ‘डिस्क्रिमिनेटर’ (तो कोणता ते सांगणारा रकाना) वापरून पाहा. एका भाषेत नेटका टाइप मिळतो, दुसरीत सगळे रकाने एकाच क्लासमध्ये कोंबलेले, तिसरीत कंपाइलच होत नाही. २०२१ मध्ये आलेल्या ओपनएपीआय ३.१ ने ‘नलेबल’ (रकान्यात नल चालेल) हा शब्दच काढून टाकला. ओपनएपीआय जनरेटरमध्ये त्या आवृत्तीचा आधार पुढे कित्येक वर्षं अपुराच राहिला.

आकड्यांचंही तसंच. तिकिटाचा आयडी ६४ बिटी पूर्णांक ठेवलात तर जावात तो ‘लाँग’ होतो, टाइपस्क्रिप्टमध्ये साधा ‘नंबर’. जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक अचूक धरू शकत नाही, म्हणून मोठ्या आयडीचे शेवटचे अंक गुपचूप बदलतात. ट्विटरने याच कारणासाठी २०१० मध्ये ट्वीटचा आयडी स्ट्रिंग म्हणूनही द्यायला सुरुवात केली. उपाय सोपा आहे, स्पेकमध्येच स्ट्रिंग ठेवा. पण तो सुचायला दोन्ही टोकांचं ज्ञान लागतं.

दावा: आता बॅकएंड डेव्हलपर कशाला?

करारातून कोड काढणं हे नवं नाहीच. १९९१ च्या कोर्बामध्ये (वेगवेगळ्या यंत्रांवरचे प्रोग्राम जोडणाऱ्या मानकात) करार लिहायची आयडीएल ही भाषा होती, तिच्यातून स्टब आणि स्केलेटन, म्हणजे दोन्ही टोकांच्या कोडचे सांगाडे, निघायचे. २००१ च्या डब्ल्यूएसडीएलनंतर (वेब सेवांचे करार लिहायची भाषा) ॲक्सिस या टूलकिटचं ‘डब्ल्यूएसडीएल-टू-जावा’ तेच करायचं. स्वॅगर, २०१५ मध्ये त्याचं ओपनएपीआय इनिशिएटिव्हकडे जाणं, २०१८ मध्ये स्वॅगर कोडजेनपासून फुटून निघालेला ओपनएपीआय जनरेटर, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. दर पिढीत कष्टाचा, कंटाळवाणा भाग कमी झाला, आणि स्केलेटनमध्ये काय भरायचं हा प्रश्न माणसाकडेच उरला.

यावर हल्लीचं उत्तर असतं, ‘एआय भरेल की.’ भरतो. तिकीट रद्द करण्याची मेथड एखाद्या एआय मॉडेलला दिली तर ते सफाईदार कोड लिहील. पण गाडी सुटायच्या किती तास आधीपर्यंत रद्द करता येतं, किती टक्के कापायचे, बस नादुरुस्त झाली तर पूर्ण परतावा की नाही, एजंटने काढलेलं तिकीट प्रवाशाला रद्द करता येतं का, हे स्पेकमध्ये नसेल तर मॉडेल अंदाज करेल, आणि तो चुकीचा असला तरी कोड कंपाइल होईल, टेस्टही पास होतील, कारण त्या टेस्टही त्याच अंदाजावर लिहिलेल्या असतील.

तेव्हा ती पोस्ट पुढच्या वेळी आली की पाठवणाऱ्याकडे जनरेट झालेला तिकीट रद्द करण्याचा हँडलर, म्हणजे तो कॉल हाताळणारा कोड, मागा. फक्त तेवढी एक फाइल. अख्खा प्रोजेक्ट नको.