कर्जतला जाऊन यायचं, एवढंच

मागच्या शनिवारी मी, आत्या आणि माझा मुलगा असे तिघं पुण्याहून कर्जतला गेलो आणि संध्याकाळी परत आलो. ऑफिसात सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "कर्जतला कोण असतं तुमचं?" कोणीच नसतं. आम्ही बोरघाट, म्हणजे लोणावळा आणि कर्जतमधला रेल्वेचा घाट, बघायला गेलो होतो. गाडीतून जाता-येता घाट बघायचा, मधे पायथ्याला हिंडायचं, एवढंच ठरवलं होतं.

मी नोकरीच्या निमित्ताने सहा वर्षं या घाटातून ये-जा केली. जाताना झोप, येताना मोबाईल किंवा भाजी निवडणं. बोगदा आला की रेंज जाते, तेवढ्यापुरतं डोकं वर व्हायचं. मग नोकरी बदलली, घाट सुटला, आणि नंतर त्याची अशी काही आठवण यायला लागली की सांगता सोय नाही. पुण्या-मुंबईच्या माणसांना हा घाट अर्ध्या वाटेतला अडसर वाटतो. लवकर संपावा असा. माझं मत अगदी उलट झालंय: वर्षातून एक दिवस तरी या घाटाच्या नावाने काढावा, आणि तो रेल्वेने काढावा.

सकाळची सिंहगड एक्स्प्रेस पकडली. लोणावळ्यापर्यंत काही विशेष नाही, चहा आणि गप्पा. खंडाळ्यानंतर गाडीचा आवाजच बदलतो. उतारावर ती इतकी जपून चालते की रुळालगतच्या कातळातून झिरपणारं पाणी, त्यावरचं शेवाळ, फटीत उगवलेला तेरडा सगळं नीट बघता येतं. डाव्या बाजूला बसावं की उजव्या, असं हमखास विचारतात. मी म्हणते दोन्हीकडे बसा. डबा रिकामा असेल तर जागा बदलत राहा, कारण दरी कधी इकडे येते, कधी तिकडे. फक्त दारात उभे राहू नका. पावसात पायरी बुळबुळीत होते आणि बोगद्याची भिंत अंगावर आल्यासारखी जवळ असते.

घाटात गाडी थांबली. बाहेर फलाट नाही, वस्ती नाही, नुसतं रान. मुलाने विचारलं, इथे का थांबली? त्याला सांगितलं, इथला चढ ३७ ला १ आहे. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रस्त्याच्या हिशेबात हे काहीच नाही, पण लोखंडाचं चाक लोखंडावर धावतं तिथे हा फार मोठा उतार. म्हणून उतरताना ब्रेकची खात्री करत करत गाडी खाली न्यावी लागते. आणि त्यातूनही एखादी सुटलीच, तर ती बाजूच्या चढावर जाऊन आपोआप थांबावी म्हणून वेगळे फाटे काढून ठेवलेत, कॅच सायडिंग म्हणतात त्याला. तो खिडकीला नाक लावून तसला फाटा शोधत बसला. तेवढ्यात ढग फाटला आणि समोर उल्हास नदीचं अख्खं खोरं उघडं पडलं. पलीकडे राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन. आत्या काहीच बोलली नाही. तिने फक्त चष्मा पुसला आणि परत लावला.

कर्जतला उतरून आम्ही खोपोली लोकल धरली. माझं हे लिहिण्याचं खरं कारण ही लोकल आहे.

कर्जत ते खोपोली म्हणजे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. अर्ध्या तासाचाही प्रवास नाही. पळसदरीला घाटाचा मार्ग वर निघून जातो आणि ही लोकल डोंगराच्या पायथ्याने सरळ जाते. भातलावणीची शेतं, चिखलात उभे बगळे, आणि अंगावर कलल्यासारखा सह्याद्री. एक कातकरी बाई टोपली घेऊन आमच्यासमोर बसल्या. टोपलीत शेवळं ही रानभाजी होती, पळसाच्या पानात बांधलेल्या जुड्या. आत्याचं माहेरचं गाव पेणजवळचं, तिचे डोळेच लकाकले. "काकडं दिलीत का बरोबर?" तिने विचारलं. बाईंनी जुडीखालून मूठभर हिरवी काकडं, काकड झाडाची आंबट फळं, काढून दाखवली. शेवळं नुसती शिजवली तर घशाला खाजतात, काकडाच्या आंबट रसाने ती खाज मोडते. म्हणून दोन्ही एकत्रच विकतात. कोणत्या जुड्या कोवळ्या हे बाई दाखवत होत्या, आत्या निवडत होती, आणि माझा मुलगा ही फुलं आहेत की भाजी असं विचारत होता. तिसरं स्टेशन येईपर्यंत त्या दोघींच्या गप्पा शेवळं कुठल्या रानात कधी उगवतात इथवर पोचल्या होत्या.

खोपोलीला रूळ संपतात. पुढे डोंगर. तिथे उभं राहिलं की या घाटाची गोष्ट एकदम समजते.

रेल्वे इथवर १८५६ मध्ये आली. वरचा खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट तेव्हा झालाच नव्हता. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला गाडीतून उतरायचा, पालखीने, तट्टावर नाहीतर बैलगाडीने बोरघाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. ही आजची छोटी लोकल कधीकाळी मुख्य मार्गाचं टोक होती. पाऊस पडत असताना त्या वाटेने, बाळंतिणीला किंवा म्हाताऱ्या वडिलांना घेऊन लोक कसे चढले असतील, हे तिथे उभं राहिल्याशिवाय डोळ्यांपुढे येत नाही.

घाट बांधायला १८५६ ते १८६३ अशी सात वर्षं लागली. २५ बोगदे, मोठमोठे पूल, चढण साधारण २५ किलोमीटरची. माणसांना दोरीने कड्यावरून खाली सोडायचे आणि ते लोंबकळत कातळात सुरुंगाची भोकं पाडायचे. १८६१ च्या जानेवारीत इथे ४२ हजारांहून जास्त मजूर काम करत होते. हजारो माणसं पटकीने, तापाने, दगडाखाली गेली. १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला, पहिल्या कंत्राटदाराने काम सोडलं. नंतरचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही दिवसांतच वारला, आणि मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट हातात घेऊन तडीस नेलं. २१ एप्रिल १८६३ ला घाट सुरू झाला.

अ‍ॅलिसचं निदान नाव उरलं. त्या ४२ हजारांपैकी एकाचंही नाव मला माहीत नाही. खोपोलीहून वर जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर, आणि वाट कळल्यावर साहेबाने त्यालाच मारलं, अशी त्याची कथा सांगतात. ड्रायव्हर लोक अजून तिथे नाणं टाकून पुढे जातात. मला वाटतं, शिंग्रोबाच्या रूपाने लोकांनी त्या सगळ्या निनावी माणसांची आठवण धरून ठेवली आहे. पण शाळेच्या सहली अ‍ॅडव्हेंचर पार्कात जातात, या घाटात येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. सहावीच्या मुलाला एका दिवसात भूगोल, इतिहास, विज्ञान सगळं दाखवणारी अशी जागा दुसरी कुठे मिळणार? त्याच खोपोलीत टाटांचं १९१५ चं वीजकेंद्र आहे. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी डोंगरावरून जाड नळांतून खाली येतं आणि त्यावर वीज तयार होते. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. ज्या उंचीने रेल्वेला सात वर्षं घाम फोडला, त्याच उंचीवर ही वीज उभी आहे.

परत कर्जतला आलो, वडे खाल्ले, आणि पुण्याला जाणाऱ्या गाडीच्या अगदी शेवटच्या डब्याजवळ जाऊन उभे राहिलो. घाट चढायला पुढचं एक इंजिन पुरत नाही, म्हणून इथे बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. बँकर म्हणतात त्यांना. एकमेकांना जोडलेले बँकर हळूहळू गाडीच्या मागून जवळ आले. हातभर अंतरावर थांबले. एक कर्मचारी रुळावर उभा होता, त्याने हात हलवला, आणि तेवढं मोठं लोखंडी धूड बोटभर बोटभर पुढे सरकलं. खट्ट. त्याचा हादरा आमच्या पायाखालच्या फलाटापर्यंत आला. त्या माणसाने वाकून जोड तपासला, एकदा हाताने थोपटल्यासारखं केलं आणि बाजूला झाला. दोन मिनिटांचं काम. आत डब्यात लोक वडापावचे पैसे देत होते. मागून कुणीतरी आपल्याला ढकलत घाट चढवणार आहे, हे डब्यातल्या किती जणांना माहीत असेल?

काचेच्या छताच्या डब्यांबद्दलही सांगते. २०२१ पासून पुणे-मुंबईच्या गाड्यांना व्हिस्टाडोम लागायला लागले. मी त्यातून एकदा गेले आहे, आणि आत्यासारख्या वयस्कर माणसांना ते सोयीचेच आहेत. फिरत्या खुर्चीत बसून आभाळासकट डोंगर दिसतो, हे सुख मोठं आहे. पण तिथे पावसाचा वास येत नाही. बोगद्यात शिरताना अंगावर येणारी ती गार, ओलसर हवा, खिडकीच्या गजाला लटकलेले थेंब, आणि बोगद्यात सगळ्या डब्यातल्या पोरांचा एकसुरात आरडाओरडा, हे साध्या सेकंड क्लासमध्येच मिळतं. ज्याला जे परवडेल त्याने त्यातून जावं, पण साधा डबा आणि उघडी खिडकी कमी करू नका, ही माझी कळकळीची विनंती. आणि सुट्टीच्या दिवशी तरी घाटातून संथ जाणारी, कमी तिकिटाची एखादी गाडी पुणे ते कर्जत फक्त लोकांनी घाट बघावा म्हणून सोडावी. पावसाळ्यात लोणावळ्याच्या रस्त्यावर मोटारींची जी रांग लागते, त्यातली कितीतरी कुटुंबं आनंदाने या गाडीत बसतील. तासन् तास क्लच दाबून पुढच्या गाडीचे दिवे बघण्यात कसला आलाय पाऊस?

जायचं असेल तर गाड्यांच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या, विशेषतः खोपोली लोकलच्या. त्या फार थोड्या आहेत आणि एक चुकली की बराच वेळ बसावं लागतं. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी जाऊ नका, घाटात दरडी पडतात. छत्री, कोरडा टॉवेल आणि भाजीसाठी एक कापडी पिशवी ठेवा.

चढताना मुलगा पूर्ण वेळ बोगदे मोजत होता. धुक्यात चार-पाच वेळा आकडा चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. लोणावळ्याला बँकर सुटले. ते परत कर्जतकडे निघाले तेव्हा त्याने खिडकीतून त्यांना हात केला, आणि आतल्या ड्रायव्हरने शिट्टी दिली. ती त्याच्यासाठीच होती अशी त्याची पक्की खात्री आहे, आणि मी त्यावर काही बोलणार नाही.

घरी पोचायला आठ वाजले. आत्याने हातपाय धुतले आणि ओट्याशीच उभी राहिली. शेवळं सोलली, पिवळा भाग काढून टाकला, बारीक चिरून तेलावर परतली, काकडं ठेचून त्यांचा रस घातला, वाल घातले, वरून ओलं खोबरं. रात्री दहाला जेवलो. मुलाने दुसऱ्यांदा मागून घेतली.