बागेत जायला कोणाला विचारायचं?

आमचा कट्टा म्हणजे तिठ्यावरच्या पिंपळाखालचा चिऱ्यांचा पार आणि त्याला लागून ताईंचा भज्यांचा गाडा. उत्तर गोव्यातलं खाणपट्ट्यातलं गाव. बोलतो आम्ही कोकणीत, पण लिहायला बसलं की हात मराठीकडेच वळतो, म्हणून परवाचं बोलणं मराठीत उतरवतोय.

विषय बाबूने काढला. बाबू माझ्या वर्गातला. खाणी जोरात चालत होत्या त्या दिवसांत खनिजाच्या ट्रकने त्याच्या मोटरसायकलला धडक दिली आणि कमरेखालचं शरीर गेलं. तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. एरवी लांबूनच हाक मारत येतो. परवा गप्प आला, चहाही मागितला नाही.

"बागेत गेलो होतो," तो म्हणाला. "चाळीस मिनिटं दाराबाहेर होतो."

बागेचं गेल्या वर्षी सुशोभीकरण झालं. दारात लोखंडी पाइप बसवलेत, नागमोडी. माणूस अंग चोरून आत शिरतो, स्कूटर अडते, मोकाट गुरं अडतात. आणि खुर्चीही अडते. बाजूला मोठं फाटक आहे, पण त्याला कुलूप. किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन जेवायला गेलेला.

भाई छोटी-मोठी कंत्राटं घेतो. तो लगेच म्हणाला, "अरे, मला फोन करायचास! मी वॉचमनला सांगून ठेवलं असतं. तुझ्यासाठी कधीही उघडेल तो."

"तू बागेत जाताना कोणाला फोन करतोस?"

"माझं वेगळं रे."

"तेच म्हणतोय मी. तुझं वेगळं का?"

भाई वाईट माणूस नाही, हे मला इथे लिहायलाच हवं. बाबूच्या घरचं न्हाणीघर त्यानेच मोठं करून दिलं, मजुरी न घेता. पण त्याच्या डोक्यात मदत म्हणजे आपण करायची आणि बाबूने घ्यायची. बाबूला त्या संध्याकाळी मदत नको होती. बागेत जाऊन चाफ्याखाली एकटं बसायचं होतं. तेवढंच.

मास्तर निवृत्त झालेत, पण कायद्याचं वाचन सोडलेलं नाही. ते म्हणाले, "ही मेहरबानी नव्हे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत करमणुकीच्या जागासुद्धा येतात. जुन्या जागा सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम आले 2017 च्या जूनमध्ये. आता तुम्हीच मोजा."

"मास्तर, कायदा कागदावर असतो," भाई म्हणाला.

"कोर्टाचंही तेच दुखणं होतं. सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक आहेत, पाळले तर पाळले, असं चाललं होतं. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं चालणार नाही, बंधनकारक नियम करा."

भाई थोडा नरमला, पण दुसरीकडून आला. "बरं, कायदा मान्य. पण बागेत खुर्चीवाले येतात किती? मी तर एकही पाहिला नाही."

यावर मास्तरांच्या आधी ताई बोलल्या, झारा हातात धरूनच. "भाई, मी गाडा बंद ठेवीन आणि म्हणेन गिऱ्हाईकच येत नाही. चालेल?"

2011 च्या जनगणनेत गोव्यात सुमारे 33 हजार दिव्यांग माणसं मोजली गेली होती. मी तो आकडा सांगितला. ही माणसं कुठे आहेत? घरात आहेत. सोप्यावर बसून रस्ता बघतायत. जानेवारी 2023 मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा उत्सव, झाला तेव्हा बाबूला घेऊन मी गेलो होतो. इतक्या खुर्च्या, इतक्या पांढऱ्या काठ्या, हातांनी गप्पा मारणारी इतकी पोरं मी आयुष्यात एका जागी पाहिली नव्हती. परतताना बाबू म्हणाला होता, "आज माझ्याकडे कोणी वळून बघितलं नाही." हे वाक्य मला अजून सलतं. मोठा उत्सव करता येतो हे गोव्याने दाखवलं. पुढच्या वर्षी तर तो आंतरराष्ट्रीय झाला. मग गावच्या बागेचं एक दार बारा महिने उघडं ठेवता का येऊ नये?

रॅम्पचा विषय निघाला तेव्हा भाईचा आवाज चढला, कारण गावच्या सभागृहाचा रॅम्प त्याच्या ओळखीच्याने केलेला. बाबूने हिशेब मांडला. तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे दीड फूट उंची. निकष एकास बाराचा, म्हणजे अठरा फूट लांबी हवी. तिथे आहे सहा फूट. "वर जाताना खुर्ची मागे कलंडते. उतरताना मी थेट रस्त्यावर. आणि पावसात त्यावर शेवाळ धरतं ते वेगळंच."

"पुढे गटार आहे, जागा कुठली आणायची?"

"वळवायचा. मध्ये सपाट टप्पा द्यायचा. न्हाणीघरात तूच कोपऱ्यातून वळवून दिलास ना?"

भाई गप्प झाला. स्वतःचं काम आठवलं असावं.

पण दाराचा प्रश्न त्याने सोडला नाही आणि तो प्रश्न खरा होता. पाइप काढले की संध्याकाळी पोरं स्कूटर थेट आत घालतात, लहान मुलं खेळत असतात तिथे. गुरं शिरली तर रोपं राहत नाहीत. भाई म्हणाला, "खुर्ची जाईल आणि स्कूटर जाणार नाही, असं माप मला दे. मी उद्या पाइप कापून देतो."

गाडीतून त्याने टेप आणला. बाबूची खुर्ची बाहेरून बाहेर भरली 66 सेंटिमीटर. भाईच्या स्कूटरचं हँडल 70. त्याचा चेहरा खुलला. "68 ठेवू!"

बाबूने दोन्ही हात चाकांच्या कड्यांवर ठेवले. "आता मोज."

कोपरं सोडा, नुसत्या बोटांच्या सांध्यांपर्यंत 75 भरलं. त्याने हात उलटा करून दाखवला. चार सांध्यांवरची साल गेली होती, एका ठिकाणी रक्त सुकलं होतं. वॉचमनची वाट बघून कंटाळल्यावर त्या पाइपांतून शिरायचा प्रयत्न केला होता त्याने. आल्यापासून हात मांडीखाली का धरला होता, ते तेव्हा कळलं.

भाईने टेप सोडला, तो खळकन आत गेला.

"म्हणजे मापाने सुटणार नाही," तो बऱ्याच वेळाने म्हणाला. "पाइप काढावेच लागतील. वॉचमनची खुर्ची आतल्या शेडमधून दारात आणायची. गुरं आणि स्कूटर त्याने हाकलायच्या, त्याचाच पगार घेतो तो. जेवायला जाताना बदली माणूस."

मास्तरांनी अर्ज लिहायचं कबूल केलं. बाबू म्हणाला, अर्जात माझं नाव घालू नका, बागेचं नाव घाला.

मग ताई, इतका वेळ तळणीकडे बघत होत्या त्या, म्हणाल्या, "आणि झोपाळा?"

त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा. जन्मतः सेरेब्रल पाल्सी, मान आणि पाठ सावरत नाही. झोपाळा त्याला जिवापाड आवडतो. ताई त्याला मांडीवर घेऊन बसायच्या. गेल्या महिन्यात वॉचमनने शिट्टी मारली आणि पाटी दाखवली: झोपाळा फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी. त्यांनी त्याला उचलून घरी आणलं. कोणाला काही सांगितलं नाही, आम्हालाही नाही. रोज त्यांच्या हातचा चहा पिणाऱ्या आम्हाला.

"पाठ असलेला, पट्टे असलेला झोपाळा मिळतो," बाबू म्हणाला. "बादलीसारखी बैठक असते."

"मिळत नसेल तर वेल्डरकडून करून घेऊ," भाई म्हणाला. "साखळी जाड लागेल, वजन आहे." तो उठला आणि गाड्यामागे गेला, जिथे पोरगा उशा लावलेल्या खुर्चीत बसून रस्त्यावरच्या बसगाड्या बघत होता. भाई त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"बाबा, तुझी पाठ मोजू?"

पोराने टेपाचं पिवळं टोक मुठीत घट्ट पकडलं आणि सोडेचना. भाईने ते त्याच्याच हातात राहू दिलं आणि दुसऱ्या टोकाने खांद्यापासून कमरेपर्यंत माप घेतलं.

"सेहेचाळीस," तो म्हणाला. "कोणीतरी लिहून घ्या रे."